बांबू हादरा गिळतो

नाना खांबेटे यांचे पाय मी आधी पाहिले, चेहरा नंतर. कल्याणला पारनाक्याजवळ त्यांच्या घरासमोर एक जीप उभी होती आणि तिच्याखालून दोन काटकुळे, ग्रीस माखलेले पाय बाहेर आले होते. "नाना खांबेटे इथेच राहतात का?" मी विचारलं. पायांची बोटं हलली आणि खालून आवाज आला, "राहतात. तो मोठा पाना द्या जरा इकडे." मी ठाण्याहून नुकतीच कल्याणच्या एका प्रसूतिगृहात नर्स म्हणून रुजू झाले होते. अंगावर कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, हातात नवी बॅग. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला नानांच्या गाडीची चौकशी करायला पाठवलं होतं, पाने द्यायला नव्हे. तरी मी वाकून पाना दिला, आणि माझ्या पदराला काळा डाग पडला तो कायमचाच.

"बाई, एक सांगा," जीपखालून पुन्हा आवाज. "अडलेल्या बाईला जास्त बाधतं ते काय? हादरे की उशीर?"

"हादऱ्यांनी हाल होतात. उशिराने मरते," मी म्हणाले. तोंडावर बोलायची मला खोडच आहे. ठाण्याच्या खाडीकाठी कोळ्यांच्या घरात वाढलेल्या मुलीला हळू बोलणं जमत नाही. तिथे होडीवरच्या माणसाशी वाऱ्याच्या वर आवाज काढूनच बोलावं लागतं. माझं उत्तर ऐकून जीपखाली पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग नाना सरपटत बाहेर आले. पन्नाशी ओलांडलेला उंच, वाळका माणूस. खाकी अर्धी चड्डी, उघड्या अंगावर जानवं आणि त्या जानव्यालाच अडकवलेली एक बारीक किल्ली. "बरोबर बोललात," ते म्हणाले. "दोन्हींचा बंदोबस्त चालू आहे. आत चला, चहा घ्या."

नाना लढाईच्या काळात कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, मोटारी दुरुस्त करण्याच्या कारखान्यात होते. लढाई संपली, छावणी उठली, तिथे निर्वासितांची वस्ती झाली आणि नाना आसपासच्या भातगिरण्यांची इंजिनं दुरुस्त करत फिरू लागले. त्यामुळे टिटवाळ्यापासून खडवलीच्या पलीकडच्या पाड्यांपर्यंत त्यांना सगळे ओळखत. लष्कराच्या जुन्या मालाचा लिलाव झाला तेव्हा लोकांनी तंबू घेतले, ताडपत्र्या घेतल्या, कोणी बूट घेतले. नानांनी जीप घेतली. डाव्या हाताला सुकाणू असलेली, पत्रा पोचे पडलेला, एक दिवा फुटलेला. आळीत महिनाभर चेष्टेला विषय मिळाला. म्हातारपणी नवरदेवाला घोडा लागला, असं शेजारचे बंडूअण्णा येताजाता म्हणत. नाना ऐकून घेत आणि पुन्हा गाडीखाली शिरत.

ही गाडी कशासाठी, हे त्यांनी मला त्या पहिल्या दिवशीच सांगितलं. आडगावच्या अडलेल्या बायकांना कल्याणला आणण्यासाठी. बाकी कशासाठी नाही. त्यासाठी त्यांनी तिच्यात काय काय केलं होतं ते दाखवताना त्यांचा चेहरा लेकीचं लग्न ठरलेल्या बापासारखा झाला होता. चाकांवरच्या लष्करी कमानी फार ताठ, म्हणून प्रत्येकीतलं एक पोलादी पान काढून टाकलेलं. पुढे लाकडी रहाट आणि त्याला जाड दोर. चिखलात चाक रुतलं की दोर झाडाला बांधायचा, रहाट फिरवायचा, गाडी आपणच आपल्याला ओढून काढते. धूर सोडायची नळी वळवून छपरापर्यंत वर नेलेली, म्हणजे ओढ्यातून जाताना तिच्यात पाणी शिरायला नको. तशीच एक नळी इंजिनाच्या श्वासासाठी. "इंजिनाला नाक असतं, बाई," ते म्हणत, "आणि नाकात पाणी गेलं की तेही मरतं, तुमच्याआमच्यासारखंच." त्या उंच नळीमुळे गावांत जीपला 'धुराडी' हे नाव पडलं. धुराडी आली रे, म्हणून पोरं ओरडत सुटायची.

मला सगळ्यात आवडला तो पाण्याचा डबा. इंजिनाच्या तापलेल्या अंगाला चिकटून त्यांनी एक पत्र्याचा डबा बसवला होता. कल्याणला गार पाणी भरायचं, मुक्कामाला पोचेपर्यंत ते कढत व्हायचं. सुईणपण केलेल्या बाईलाच त्याची किंमत कळेल. मी नानांना तसं म्हटलं तर ते लाजले. एकदा त्याच पाण्याचा त्यांनी चहाही केला. त्याला पेट्रोलचा वास येत होता आणि तो मी नाक दाबून प्यायले.

पण नानांचा खरा जीव होता तो गाडीच्या उजव्या अंगाला बसवलेल्या खाटल्यावर. जीप मुळात तोकडी. तिच्यात आडवं माणूस मावत नाही. म्हणून त्यांनी पुढची उजवीकडची बैठक उखडून टाकली आणि तिथून पार मागपर्यंत एक लांब खाटलं बसवलं. दोन सरळ बांबू, मध्ये आडव्या कामट्या, सगळं काथ्याने घट्ट बांधलेलं. आजारी बाईचं डोकं पुढे नानांच्या बाजूला, आणि पाय मागच्या फळीच्या बाहेर हातभर. घसरू नये म्हणून वरून पट्टे. बांबूंच्या चारही टोकांना ट्रकच्या ट्यूबचं रबर गुंडाळून तांब्याच्या तारेने आवळलेलं, आणि ती टोकं गाडीच्या तळाला डागलेल्या लोखंडी चापांत बसवलेली. लष्कराची लोखंडी स्ट्रेचरं लिलावात ढिगाने पडली होती, ती का घेतली नाहीत, असं मी विचारलं. नानांनी बांबूवरून हात फिरवला. "लोखंड हादरा पुढे ढकलतं. बांबू हादरा गिळतो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे इतक्यांदा ऐकलं, की ते सुरुवात करायचे आणि मी संपवायची.

हादऱ्याची परीक्षा घ्यायची त्यांची रीत आळीला पाठ होती. खाटल्यावर मधोमध, जिथे बाईचं पोट येईल तिथे, दुधाने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा आणि गाडी खडीच्या रस्त्याने न्यायची. परत आल्यावर किती दूध सांडलं ते बघायचं. सांडलेलं दूध बघून काकू, म्हणजे नानांची बायको, काही न बोलता फडकं घेऊन यायच्या. एकदा नाना मलाच म्हणाले, "बाई, तुम्ही झोपून बघता का जरा? तांब्याला बोलता येत नाही." मी म्हटलं, "नाना, मी चारचौघांत आडवी व्हायची नाही. तांब्याशीच बोला." ते मनापासून हसले. त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

काकू मात्र त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. देवळात जायचं असो, स्टेशनात जायचं असो, त्या चालत जायच्या. नाना म्हणायचे, "तिला सुमीची आठवण येते." सुमी म्हणजे सुमती, त्यांची एकुलती एक मुलगी. तिची हकिगत मला काकूंनी एका दुपारी तांदूळ निवडताना सांगितली. सुमतीला खडवलीच्या पुढच्या गावातल्या शाळामास्तरांकडे दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नाना तिला आणायला गेले. दिवस भरत आले होते, पावसाने जोर धरला होता. बैलगाडी ओढ्याच्या अलीकडे चिखलात रुतली आणि कळा तिथेच सुरू झाल्या. नाना बैलांना मारत होते, चाकाला खांदा लावत होते, आणि मागे गाडीत लेक होती. चाक निघालं तेव्हा उशीर झाला होता. काकूंनी हे सगळं डोळे न उचलता सांगितलं आणि सूप झटकून ठेवलं. "तेव्हापासून हे चाकं काढतायत चिखलातून," त्या म्हणाल्या.

आता दुःख कसलं ते ऐका. इतकं सगळं करून, नानांच्या गाडीत एकही अडलेली बाई येईना. गाडी चालू होती, नाना तयार होते, मी तयार होते. गावोगाव निरोप दिले होते. गावात गेलं की लोक ओसरीवर घोंगडी टाकत, चहा देत, गाडीभोवती फिरत, धुराड्याला हात लावून बघत. "झ्याक केलीव गाडी, नाना," म्हणत. आणि महिन्याभराने कळायचं की त्याच गावातली एक बाई झोळीत घालून माणसांनी खांद्यावरून स्टेशनात नेली, नाहीतर घरीच दगावली. नानांना कोणी बोलावलंच नाही. पाय मोडलेला एक गडी तेवढा गाडीतून आला, तोही मागच्या फळीवर बसून. खाटल्यावर निज म्हटलं तर म्हणाला, बसूनच बरं वाटतं.

नानांना वाटायचं, कसर गाडीतच आहे. हादऱ्याचीच भीती असणार लोकांना. मग आणखी एक रबर, आणखी एक स्प्रिंग. उन्हाचा त्रास होत असेल म्हणून ताडपत्रीची झडप. बाईमाणसाला संकोच वाटत असेल म्हणून पडदा. कोणी गाडी छान झाली म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "झाली कुठे? अजून एक गोष्ट राहिलीय." ती गोष्ट कोणती, हे ते गाडीखाली पडून शोधत राहायचे. "गाडी खोटं बोलत नाही, बाई. तिला नीट विचारलं की ती सांगते." मी वैतागून म्हणायची, "मग विचारा की तिला, बायका का येत नाहीत ते." त्यांना ते लागायचं, पण पुन्हा पाना हातात घ्यायचे. रात्रंदिवस त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. अंगावरचं मांस उतरत चाललं होतं, गिरण्यांची कामं मागे पडत होती, आणि काकू मला हळूच विचारायच्या, "यांना समजावशील का गं सुलोचना?" काय समजावणार?

श्रावणातली गोष्ट. लावण्या उरकल्या होत्या. सकाळच्या गाडीने काशिनाथ नावाचा एक तरुण कुणबी खडवलीहून आमच्या प्रसूतिगृहात आला आणि दारातच उभा राहिला. त्याची बायको हिरा पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडली होती, आणि पोराचा हात बाहेर आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिथे जाऊन मला काही करता यायचं नाही, ऑपरेशन इथेच होईल. तिला आणा, पण लवकर आणा. मी धावत पारनाक्यावर गेले. नाना जेवत होते, ते पानातच हात धुऊन उठले. काशिनाथ मात्र अडखळत म्हणाला, "गाडी नको, बाई. तुमी चला आगगाडीने." आम्हाला वाटलं, भिडस्त आहे, उपकार नको म्हणतोय. नानांनी त्याला दंडाला धरून मागच्या फळीवर बसवला.

त्या दिवशी गाडीने जे काम केलं, तसं मी पुढे कधी पाहिलं नाही. टिटवाळ्याच्या पुढे रस्ता म्हणजे नुसती राड. एकदा चारही चाकं रुतली. नानांनी दोर जांभळीला बांधला, काशिनाथने रहाट फिरवला आणि गाडी वर आली. ओढ्याला पाणी होतं. ते बोनेटावर चढलं, माझे पाय भिजले, पण इंजिन थांबलं नाही. वर धुराडं भकभकत होतं. ओढा पार झाल्यावर नानांनी मागे वळून पाहिलं. तो सुमीचाच ओढा होता, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. त्यांनी गाडी पुढे काढली. गावात पोचलो तेव्हा डब्यातलं पाणी कढत होतं.

हिरा अगदी लहानखुरी मुलगी होती. शुद्धीवर होती. तिने माझा हात असा धरला की तिची नखं रुतली. मी तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं, आत्ता निघालो तर वाचेल. नाना आणि काशिनाथचा भाऊ खाटलं सोडवून अंगणात घेऊन आले. पांढरी चादर घातलेलं, पट्टे लोंबणारं खाटलं त्यांनी उंबऱ्यापाशी ठेवलं, आणि अंगणातल्या बायका एकेक करून मागे सरकल्या. हिराची सासू दारात आडवी उभी राहिली. 

"आजी, हादरा नाही बसणार," नाना म्हणाले. "दूधसुद्धा सांडत नाही. बांबू हादरा गिळतो."

म्हातारी हललीही नाही. मी चिडले. "बाजूला व्हा आधी, तुमची सून मरायला टेकलीय आत!" असं ओरडले. तशी तिने मला मनगटाला धरून गोठ्याच्या कोपऱ्यात ओढून नेलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "बाय, हिरीला आयकू जायाचा नाय म्हनून इथं आनलाय तुला. दोन बांबू मेलेल्याला लावत्यात. जित्या मानसाला त्याच्यावर कसा निजवू?"

मी वळून अंगणात बघितलं. दोन बांबू. आडव्या कामट्या. काथ्या. पांढरी चादर. वरून बांधायचे पट्टे, आणि गाडीच्या बाहेर राहणारे पाय. माझे डोळे इस्पितळात घडलेले, मला इतके दिवस ते स्ट्रेचर दिसत होतं. आता तिरडी दिसली आणि मग दुसरं काही दिसेना. गावोगावच्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून हेच दिसत होतं. पण पोटुशी बाई घरात असताना तो शब्द उच्चारायचा कोणी? आणि नानांसारख्या माणसाला, चहाला बोलावलेल्या पाहुण्याला, तुमच्या गाडीत तिरडी आहे असं तोंडावर सांगायचं कोणी?

मी नानांना बाजूला घेऊन सांगितलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग ते लाल झाले. "खुळ्या समजुती!" ते मोठ्याने म्हणाले. "बांबूच आहे तो, आजी! बांबूला काय ठाऊक वर कोण आहे?" ते समजावत राहिले, हात जोडले, शेवटी स्वतः त्या खाटल्यावर आडवे झाले आणि म्हणाले, "हे बघा, मी झोपलोय, मी मेलो का?" एक बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. तेवढ्यात आतून हिराचा आवाज आला. तिने उघड्या दारातून सगळं पाहिलं होतं. "मला त्याच्यावर घालू नका," ती म्हणत होती. "आत्या, मला त्याच्यावर घालू नका."

नाना ताडकन उठले. "नको तर नको. फेकून देतो. तिला गोधडीवर घालू, गाडीत खाली निजवू." पण खाली निजवायचं कुठे? तळाला डागलेले ते लोखंडी चाप हात हात वर आलेले, मधून आडवी सळई गेलेली. पुढची बैठक उखडलेली, मागची फळी जेमतेम बसण्यापुरती वीतभर रुंद. त्यांनी गाडी त्या खाटल्यासाठी इतकी नेमकी घडवली होती की तिच्यात दुसरं काही मावतच नव्हतं. नानांनी पाना मारून पाहिला. चाप ढिम्म हलले नाहीत. मग त्यांनी पेटीतली लोखंड कापायची करवत काढली आणि गुडघ्यावर बसून कापायला सुरुवात केली.

तोवर गावकऱ्यांनी एक बांबू, एक घोंगडी घेऊन झोळी बांधली होती. हिराला तिच्यात घातलं आणि चौघे आलटून पालटून खांदा देत बांधावरून स्टेशनाच्या वाटेला लागले. मी झोळीला धरून चालत होते. मागून, शेताच्या पलीकडून, करवतीचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

खडवलीच्या फलाटावर झोळी टेकली. कल्याणची गाडी यायची होती. बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला, आणि त्या आडोशात, माझ्या मांडीवर, हिरा गेली. पोर आधीच गेलं होतं. मी तिचे डोळे मिटले. बायकांचा आकांत सुरू झाला त्यातच जीपचा आवाज आला. नाना फलाटावर धावत आले. दोन्ही तळवे फाटले होते, मनगटापर्यंत रक्त आलं होतं. "जागा झाली, बाई," ते म्हणाले. "गोधड्या अंथरल्यात. आणा तिला."

 काशिनाथच उठला आणि नानांना हाताला धरून बाजूला घेऊन गेला. थोड्या वेळाने एक वयस्कर माणूस जीपपाशी आला. खाटलं गाडीवर आडवं टाकलेलं होतं. तो व्यवहारी मनाने, अगदी हळू आवाजात म्हणाला, "नाना, आता त्याच लागल. द्याल का?" नानांनी ते खाटलं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "नाही," ते म्हणाले. "हे तिला नको. तिला नको होतं हे. दुसरे बांबू तोडून आणा." तो माणूस मान हलवून गेला.

त्यानंतर नाना कितीतरी दिवस गाडीखाली गेले नाहीत. ओसरीवर बसून राहायचे. मी जायची, बसायची, उठायची. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. एका संध्याकाळी ते काकूंना म्हणाले, "इतक्या माणसांनी पाहिलं. एकानेही सांगू नये?"

काकू वाती वळत होत्या. "मी पहिल्याच दिवशी पाहिलं," त्या म्हणाल्या.

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तू? मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सुमीसाठी करताय म्हणालात. लेकीच्या नावाने केलेल्या गाडीला मी तो शब्द कसा लावू?" काकूंचा आवाज फुटला. "आणि तुम्ही विचारलंत कधी? दूध सांडलं की नाही तेवढं विचारायचात."

नानांनी तळहातावरच्या खपल्या चाचपल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ही राहिली होती, बाई. ती एक गोष्ट. मी गाडीला विचारत बसलो."

चार दिवसांनी ते चालत हिराच्या गावी गेले. गाडी नेली नाही. हिराच्या सासूपुढे बसून त्यांनी विचारलं, "आजी, झोळी कशी बांधता ते मला दाखवाल का?" म्हातारी कडवट हसली. "आता इचारता, नाना? तवा इचाराचा होता." आणि आत निघून गेली. नाना तसेच परत आले. पण महिन्याभराने काशिनाथ आला, खांद्यावर एक घोंगडी घेऊन. आईने दिलीय, म्हणाला. ती तीच घोंगडी होती.

मग जीप पुन्हा उघडली. खाटल्याचे बांबू नानांनी सोडवून माळ्यावर टाकले. छपराच्या कमानी मजबूत केल्या आणि एका दांड्यावर झोळी टांगली, पाय आत राहतील अशी. घोंगडीला आतून अस्तर हवं होतं. काकूंनी सुमतीच्या दोन जुन्या लुगड्यांची गोधडी काढून दिली. बाळंतपणासाठी शिवून ठेवलेली, कधी न वापरलेली. आणि तांब्या ठेवायची वेळ आली तेव्हा काकू पुढे झाल्या. "तांब्या नको. मी निजते," म्हणाल्या. आळीतली सगळी माणसं दारात उभी असताना ती नऊवारीतली म्हातारी बाई जीपमध्ये चढली आणि झोळीत आडवी झाली. नानांनी गाडी पायी चालावं तशी खडीवरून नेली. मी शेजारून चालत होते. "हादरा बसतो का?" नाना विचारत होते. "नाही बसत," काकू आतून म्हणत होत्या, "चला पुढे." त्यांचे डोळे मिटलेले होते आणि कानांवरून पाणी ओघळत होतं. त्या दिवशी बंडूअण्णासुद्धा काही बोलले नाहीत.

पुढच्या काही वर्षांत त्या झोळीतून बऱ्याच बायका आल्या. बऱ्याच वाचल्या, सगळ्या वाचल्या असं मी म्हणणार नाही. काशिनाथ गाडी चालवायला शिकला. नानांनी गाडीत नंतर फारसं काही बदललं नाही. त्यांची सवय मात्र बदलली. कुठल्याही गावात गेलं की घाई असतानाही ते क्षणभर थांबत, घरातल्या म्हाताऱ्या बाईपुढे जाऊन उभे राहत आणि विचारत, "आजी, काही खटकतंय का? तोंडावर सांगा." कधी ती म्हणे, गाडीचं तोंड दक्षिणेला आहे. नाना मुकाट्याने गाडी फिरवून लावत. मला हसू येई, मग मी तोंड फिरवून घेई. ते मलाही विचारत. "बाई, काही सांगायचं राहिलंय का?" मी म्हणायची, माझं काही राहत नसतं, नाना. पण त्यांचा विश्वास बसायचा नाही. झोपेतही ते कोणाला तरी तेच विचारतात, असं काकू सांगायच्या.

थंडीच्या दिवसांत, एका दुपारी, ओसरीवर बसल्या जागी नाना गेले. मी पोचले तेव्हा त्यांना खाली घेतलं होतं. खडवलीकडची माणसं दुपारच्या गाडीने आली. काशिनाथ सगळ्यांत पुढे. अंगणात त्यांची जीप तशीच उभी होती. बंडूअण्णांनी सामान आणायला माणूस धाडायची तयारी केली. आळीत कोणी गेलं की तिरडी तेच बांधत.

"बांबू आणायला नको," काकू आतून म्हणाल्या. "माळ्यावर आहेत."

"वहिनी, जुने बांबू नाही चालत."

"त्यांनी सांगून ठेवलंय," काकू म्हणाल्या.

काशिनाथने माळ्यावर चढून ते दोन्ही बांबू खाली दिले. धुराने काळपट झाले होते, पण सरळ होते. बंडूअण्णांनी ते अंगणात ठेवून हाताने पुसले आणि टोकांपाशी येऊन थांबले. चारही टोकांना अजून ट्रकच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं होतं, तांब्याच्या तारेने आवळलेलं. "हे काय लावून ठेवलंय?" ते म्हणाले. "काढून टाकतो." आणि त्यांनी तार तोडायला विळा उचलला.

काकू उंबऱ्याशी आल्या. इतका वेळ त्या रडल्या नव्हत्या.

"असू दे ते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "हादरे बसतात."

बंडूअण्णांनी विळा खाली ठेवला आणि काथ्या मागितला.